सात मात्रांचा खोकला

नवा बँड ऐकायला घेतला की अनुयाला आधी उत्सुकता वाटायची, मग वैताग यायचा आणि शेवटी शिसारी. गेली कित्येक वर्षं हे असंच चाललं होतं. नागावच्या घरात तिचा नवरा अजेय वर्तमानपत्र वाचत बसलेला असायचा, आणि आतून तिचा आवाज यायचा, "शी! बंद कर रे कोणी तरी हे!" बंद करणारी तीच असायची.

"तू आवडायचं नाही असं ठरवूनच ऐकतेस," अजेय म्हणायचा. तो अलिबाग कोर्टात वकिली करायचा आणि नाट्यगीतांपलीकडे कशाच्या वाटेला जात नसे.

"नाही रे. आवडावं म्हणून जीव टाकून ऐकते. म्हणून तर किळस येते."

हे वेड तिला अकरावीत लागलं होतं. तिचा मामा बोटीवर रेडिओ ऑफिसर होता. एका खेपेला त्यानं तिला एक कॅसेट आणून दिली, 'ब्रास मेरिडियन' नावाच्या इंग्रज बँडची. ती पाळण्यात होती तेव्हाच तो बँड मोडला होता. कॅसेटच्या दुसऱ्या बाजूवर एकच लांबलचक रचना होती. पाण्याखाली वाजावा तसा ऑर्गन, आणि सात मात्रांचा ताल. दर फेरीला आता पडणार असं वाटायचं, पण तो पडायचा नाही. मधेच सगळी वाद्यं थांबत आणि एका म्हाताऱ्या बाईचं शब्दाविण विव्हळणं ऐकू येई. त्याखालून ऑर्गन हळूहळू वर चढायचा. त्या जागी अनुयाच्या अंगावर दर वेळी काटा यायचा. पुढे ती ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवायला लागली. स्टाफच्या मीटिंगमध्ये टेबलाखाली अंगठ्यानं बोटांच्या पेरांवर सात मोजत बसायची.

पण त्या बँडचे अल्बम मोजकेच होते, आणि सगळे तिला श्वासानिशी पाठ. तिला तसंच, पण नवं काही हवं होतं. आज जिवंत असलेल्या, पुढच्या वर्षी आणखी काही वाजवतील अशा माणसांचं.

फोनवरचं अॅप तिला रोज काहीबाही वाढायचं. 'ब्रास मेरिडियन आवडतो? मग हेही आवडेल.' एका बँडचा गायक घशात काटा अडकल्यासारखा गुरगुरायचा. दुसऱ्यातली पोरं इतक्या वेगानं बोटं चालवायची की धुणं पिळायच्या यंत्राशेजारी उभं राहिल्यासारखं वाटायचं. एक स्वीडिश बँड होता. त्यांनी ब्रास मेरिडियनचा ऑर्गन, ताल, अगदी कॅसेटच्या कव्हरावरचं घुबडसुद्धा उचललं होतं. ते ऐकताना तिला दुसऱ्याचा वापरलेला टूथब्रश तोंडात घातल्यासारखं झालं. तिनं खरोखरच उठून चूळ भरली.

मग जगभरातल्या चाहत्यांच्या ग्रुपवर एकानं 'पेपर सेक्स्टंट' नावाच्या बँडचा दुवा टाकला. बँड चक्क मुंबईचा होता.

अनुया त्या वेळी ओट्यापाशी बांगडे साफ करत होती. फोन फडताळावर ठेवून तिनं तो दुवा लावला, आणि दुसऱ्या मिनिटाला तिच्या हातातली सुरी थांबली. ऑर्गन होता, पण तो यांचा स्वतःचा. ताल पडता पडता सावरत होता, पण वेगळ्याच जागी. गाणारा तरुण खालच्या पट्टीत, कुणाच्या तरी उशाशी बसून गावं तसा गात होता. गाणं संपेपर्यंत ती हातात मासा धरून उभी राहिली. अजेय पाणी प्यायला आत आला तर बाईच्या डोळ्यांत पाणी.

"सापडला," ती म्हणाली.

"काय? काटा?"

"बँड रे!"

महिनाभर तिनं दुसरं काही ऐकलं नाही. मग धीर करून त्यांना लिहिलं, की आमची नागावला नारळी-सुपारीची वाडी आहे, चार खोल्यांचा होमस्टे आहे, या, राहा, आणि वाडीतच संध्याकाळी वाजवा. बँडचा म्होरक्या स्वतःला नुसतं राही म्हणवायचा. त्याचं उत्तर आलं, 'मॅम, सुपारीच्या झाडांखाली वाजवणं हे आमचं स्वप्न आहे.' जानेवारीतला शनिवार ठरला. अनुयानं ग्रुपवर कळवलं. पुण्यामुंबईहून पन्नासेक माणसं यायला तयार झाली.

बँड दोन दिवस आधीच आला. चौघे होते. त्यात नेत्रा नावाची एक मुलगी ड्रम वाजवायची, ती तेवढी चहाचा कप स्वतः विसळून ठेवायची. बाकीच्यांनी पहिल्याच संध्याकाळी ओले टॉवेल झोपाळ्यावर टाकले. सकाळी अजेय वाडीला पाणी सोडायला गेला तर पाटातून सिगारेटची थोटकं तरंगत सुपारीच्या आळ्यांत चालली होती. जेवणानंतर राहीच्या ताटात सुरमईची अख्खी तुकडी तशीच होती, आणि तिच्या मधोमध विझवलेली सिगारेट खोचलेली.

अजेयनं ते ताट बायकोसमोर धरलं. "हे बघ तुझे कलाकार."

अनुयानं ताट त्याच्या हातून घेताना तोंड वाकडं केलं. पण ती म्हणाली, "जाऊ दे. दमून आलेत." आणि ताट तिनंच घासलं.

त्याच संध्याकाळी कृष्णाबाई आल्या. त्या मूळच्या खाडीकाठच्या खारेपाटातल्या, आगरी. मुलांचे ट्रक चालतात. त्यांनी नागावात जागा घेऊन अनुयाच्या वाडीमागे बंगला बांधला, तेव्हापासून ही दोन घरं एक झालेली. सत्तरीच्या जवळ आलेल्या कृष्णाबाई हातभर सोन्याच्या बांगड्या घालायच्या आणि मनात येईल ते तोंडावर बोलायच्या. पाहुणे आलेत कळल्यावर त्या पांढऱ्या कांद्याची वेणी घेऊन आल्या.

"ह्या धवलारीण आहेत," अनुयानं अभिमानानं ओळख करून दिली. "आगरी लग्नात प्रत्येक विधीला धवले गातात. ह्या गायल्याशिवाय लग्न पुढे सरकत नाही."

राही लगेच ओटीवर त्यांच्या पायाशी जाऊन बसला. "आजी, आमच्यासाठी गाल? रेकॉर्ड करू ना?"

"कर की. त्यात काय हाय?"

कृष्णाबाई गायला लागल्या. आवाज चिरका, पण एकदा लागला की हलत नसे. धाकट्या मुलाच्या घराचं बांधकाम चालू होतं, सिमेंटची धूळ खाऊन त्यांचा घसा बसला होता. तिसऱ्या कडव्याला त्यांना उबळ आली. खोकून खोकून डोळे पाणावले. "थांब रं... पानी दे... ह्या गल्याला आग लागो!" त्यांनी पदर तोंडाला लावला, खाकरल्या, पाणी प्यायल्या आणि पुन्हा पहिल्यापासून गायल्या, सगळा धवला, शेवटपर्यंत. राहीचा फोन समोरच्या पाटावर होता.

"सुंदर," तो हळूच म्हणाला. अनुयाला वाटलं, याच्या हातून काही तरी मोठं होणार.

शनिवारी ऊन कलल्यावर कार्यक्रम सुरू झाला. सुपारीच्या ओळींमध्ये सतरंज्या आणि खुर्च्या मांडल्या होत्या. कृष्णाबाई जांभळी साडी नेसून दोन्ही सुनांसह पहिल्या ओळीत बसल्या. बँड फार चांगला वाजला, हे अनुयाला नंतरही नाकारता आलं नाही. ती खुर्चीच्या कडेवर बसून, अंगठ्यानं पेरं मोजत, तहानलेल्या माणसासारखी ऐकत होती.

शेवटी राही म्हणाला, "आता एक नवा तुकडा. हा ह्या जागेनं आम्हाला दिला."

स्पीकरमधून कृष्णाबाईंचा आवाज आला. धवल्याची पहिली ओळ. कृष्णाबाईंनी सुनेचा हात दाबला आणि हसल्या. मागे वळून लोकांकडेही पाहिलं.

ती ओळ मधेच तुटली आणि खोकला सुरू झाला.

पुन्हा तोच खोकला. पुन्हा. तो कापून तालावर बसवला होता. खोक-खोक, खाकर, 'पानी दे', खोक-खोक, खाकर, 'पानी दे'. नेत्राचे ड्रम त्याखाली सामील झाले. खाकरण्याचा आवाज यंत्रानं इतका मोठा केला होता की घशातला कफ सुटताना ऐकू येत होता. 'आग लागो' हे शब्द ताणून, चिरकवून वर नेले होते. लोक आधी चपापले, मग एक जण हसला, मग सगळेच. फोन वर झाले. मागच्या रांगेतला एक दाढीवाला तोंडानं 'पानी दे, पानी दे' म्हणत डुलायला लागला.

कृष्णाबाईंच्या चेहऱ्यावरचं हसू अजून तसंच होतं, फक्त त्याखालचं सगळं निघून गेलं होतं. त्या सुनेकडे बघत होत्या, आणि सून मांडीवरच्या पर्सकडे.

तेव्हा अनुयाचं स्वतःच्या हाताकडे लक्ष गेलं. अंगठा पेरांवर फिरत होता. चार आणि तीन, चार आणि तीन. त्या बाईच्या खोकल्यावर ती बिनचूक सात मोजत होती, आणि अंगाला ते आवडत होतं.

तिला एवढी किळस आली की उठताना खुर्ची पडली. पडवीत मीटरच्या पेटीपाशी जाऊन तिनं मेन स्विच खाली ओढला.

स्पीकर मेले. नेत्राचे ड्रम आणखी थोडा वेळ एकटेच वाजले आणि थांबले.

"मॅम, लाइट गेली का?" राहीनं विचारलं.

"मी घालवली. कार्यक्रम संपला."

तो हसत हसत जवळ आला. "प्रॉब्लेम काय झाला? त्यांना विचारून रेकॉर्ड केलं. तुमच्यासमोर."

"गाणं रेकॉर्ड करायला विचारलंस. त्यांनी अख्खा धवला गाऊन दिला होता. तो कुठे आहे?"

"धवला तर कोणीही घेईल, मॅम. तो खोकला रिअल आहे. टेक्स्चर आहे त्यात." मग त्यानं आवाज खाली आणला. "आणि तुम्ही ब्रास मेरिडियनवाल्या, तुम्ही मला हे सांगताय? दुसऱ्या बाजूवरची ती रडणारी म्हातारी... तिला विचारलं होतं त्यांनी? मयताला जाऊन चोरून टेप केलं होतं ते. तुम्ही तीस वर्षं ऐकताय."

तेवढ्यात कृष्णाबाई उठल्या होत्या. त्या राहीसमोर येऊन उभ्या राहिल्या.

"माझा गाना कुठं गेला?" त्यांनी विचारलं.

"आजी, तुम्ही स्टार झालात," राही म्हणाला.

कृष्णाबाईंनी त्याच्याकडे नीट पाहिलं आणि सुनांना घेऊन वाडीच्या मागच्या फाटकातून निघून गेल्या.

बँड सकाळी गेला. नेत्रा सामान गाडीत टाकून परत आली आणि दारात घुटमळली. "सॉरी, काकू. तो असाच आहे."

"आणि तू? तू तर वाजवत होतीस."

नेत्रा मान खाली घालून गेली. खोल्या आवरताना अनुयाला पलंगाखाली अंड्याची टरफलं आणि बेसिनमध्ये कापलेली नखं सापडली. एरवी तिनं ती उचलायला कुणाला तरी सांगितलं असतं. आज तिनं ती स्वतः उचलली, ही आपलीच घाण आहे असं समजून.

त्यानंतर ती ब्रास मेरिडियनच्या जुन्या मुलाखती शोधत बसली. राही खोटं बोलत असावा अशी तिला आशा होती. तो खरं बोलला होता. एका मुलाखतीत गिटारवाला मजेत सांगत होता, की सुट्टीत एका मच्छीमार गावात बुडालेल्या माणसाचं मयत चाललं होतं, आम्ही कोटाच्या खिशात मायक्रोफोन लपवून गेलो, म्हातारीचं नाव बिव काही माहीत नाही, पण काय आवाज होता! मुलाखत घेणारा हसला होता. अनुयानं फोन पालथा ठेवला. ज्या जागी तिच्या अंगावर काटा यायचा ती जागा आठवून तिला आता मळमळत होतं. नवा बँड गेलाच, जुनाही गेला.

काही आठवड्यांनी 'पानी दे' प्रसिद्ध झालं. अॅपनं ते सगळ्यांत आधी तिलाच सुचवलं. चाहत्यांच्या ग्रुपवर तर उत्सव होता. 'खोकल्याची ग्रूव्ह ऐकलीत?' 'म्हातारी भन्नाट!' अनुयानं तिथे घडलेलं सगळं सविस्तर लिहिलं. उत्तरं आली. कुणी म्हणालं, वाईट झालं, पण रचना वर्षातली सर्वोत्तम आहे. कुणी विचारलं, तो भाग सात मात्रांत आहे की साडेतीनमध्ये? तिला वाटलं, आपण आतापर्यंत ज्यांना आपली माणसं म्हणत होतो ती ही. तिनं ग्रुप सोडला.

कृष्णाबाई इतके दिवस आल्या नव्हत्या. अनुया दोनदा जाऊन आली, तर सुनेनं 'झोपल्यात' म्हणून सांगितलं होतं. मार्चमध्ये एका सकाळी त्या स्वतःच आल्या आणि स्वयंपाकघरात खुर्ची ओढून बसल्या.

"काल पेनला लगीन होता," त्या म्हणाल्या. "मी मांडवात बसले, गायला तोंड उघडला, तर मागून पोरांनी मोबाईलवर माझा खोकला लावला. सगला मांडव हसला. नवरीसुद्धा." त्यांचा आवाज सरळ होता. "चालीस वर्सं गातंय मी. मना बघून कोन हसला नव्हता."

अनुया उभीच राहिली. "मीच बोलावलं त्यांना, कृष्णाबाई."

"तुझा बोलना नंतर बघू. तो पोरगा कुठं सापडंल?"

अनुयानं फोनवर पाहिलं. बँड त्या शनिवारी किहीमला वाजवणार होता, समुद्राकाठच्या एका रिसॉर्टवर. तिनं मालकाचं नाव वाचून दाखवलं.

"अनंता?" कृष्णाबाईंच्या भुवया वर गेल्या. "त्याच्या पोरीच्या लग्नात धवले कोनी गायले? चल. गाडी काढ शनवारी."

शनिवारी दुपारी गाडीत अनुया, कृष्णाबाई आणि त्यांच्या नात्यातल्या तीन बायका होत्या. अजेय 'कोर्टाची नोटीस पाठवू, आठ दिवस थांबा' म्हणत होता, त्याला घरीच ठेवलं. किहीमला पोचल्या तेव्हा माडांखाली वायरी ओढायचं काम चाललं होतं. राही खुर्चीत पाय पसरून शहाळं पीत होता.

कृष्णाबाई त्याच्याकडे गेल्याच नाहीत. त्या सरळ ऑफिसात शिरल्या. अनंता घाईघाईनं उठला. "मावशी! तुम्ही? बसा, बसा."

"बसाला न्हाय आले. तुझ्याकडं आज जो वाजवतंय, तो माझा खोकला जगाला इकतंय. ऐकवतंस का, अनुया?"

अनुयानं फोनवर लावलं. अनंतानं तीन-चार फेऱ्या ऐकल्या. त्याच्या मुलीच्या लग्नाचा फोटो मागच्या भिंतीवर होता, आणि त्यात एका कोपऱ्यात कृष्णाबाई होत्या, तोंड उघडलेलं, डोळे मिटलेले. त्यानं फोटोकडे पाहिलं की नाही कोण जाणे. तो बाहेर गेला आणि राहीपुढे उभा राहिला.

"ते गाणं आत्ता काढायचं. माझ्यासमोर. नाहीतर वायरी गुंडाळा."

"सर, हे लेबलकडून होतं, प्रोसेस असते..."

"होतं इथूनच," नेत्रा मागून म्हणाली. "लॉगिन तुझ्याकडेच आहे, राही. काढ."

राहीनं सगळ्यांकडे आळीपाळीनं पाहिलं. मग त्यानं फोन काढला. अनुया त्याच्या खांद्यावरून बघत होती. त्यानं गाणं काढलं, व्हिडिओ काढला, आणि ती 'मूळ रेकॉर्डिंगपण' म्हणाली तेव्हा तेही पुसलं. लोकांच्या फोनमध्ये जे गेलं ते गेलंच होतं, हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं.

काम झालं असं वाटून बायका वळल्या. तेवढ्यात राही पुढे आला, वाळूत गुडघे टेकले आणि त्यानं कृष्णाबाईंच्या दोन्ही पावलांवर डोकं ठेवलं. "आजी, माफ करा. तुम्ही माझ्या आईसारख्या." त्याचा आवाज दाटला होता. अनुया क्षणभर फसली. मग तिला दिसलं, की बँडचा गिटारवाला बाजूला सरकून, ऊन पाठीशी येणार नाही असं बघून, फोटो काढत होता. राहीनं डोकं जरा कललंच ठेवलं होतं, चेहरा दिसेल असं.

सुरमईतली सिगारेट, ती नखं, त्यातलं काहीच या घाणीच्या पासंगाला पुरलं नसतं.

कृष्णाबाईंनी पाय मागे ओढले. "उठ," त्या म्हणाल्या. मग अनंताला, "नल कुठं हाय?"

हिरवळीच्या कडेला नळ होता. त्यांनी साडी घोट्यापर्यंत उचलली आणि पाय नळाखाली धरले, एक, मग दुसरा. एका बाईला म्हणाल्या, "साबन बघ गं." साबण आला. तळवे, बोटांच्या बेचक्या, टाचा, सगळं त्यांनी मासळी बाजारातून घरी आल्यावर धुवावं तसं शांतपणे घासून धुतलं. वायरी ओढणारी माणसं काम थांबवून बघत होती. राही गुडघ्यांची वाळू झटकत उभा होता. या वेळी कुणी फोटो काढला नाही.

संध्याकाळी किहीमला कार्यक्रम झाला. अनंतानं नंतर फोनवर सांगितलं की गर्दी बरी होती आणि राहीनं मंचावरून गोष्ट सांगितली, एका थोर लोकगायिकेनं आपल्याला आज आशीर्वाद दिल्याची. लोकांनी टाळ्या वाजवल्या. नेत्रा मात्र दुसऱ्या दिवशी बँड सोडून गेली म्हणे. कुठे गेली ते त्याला ठाऊक नव्हतं.

अजेयनं हे ऐकून एक सणसणीत शिवी हासडली. अनुयानं फोन घेतला आणि गाण्यांचं अॅप काढून टाकलं. मग ती मागच्या फाटकातून कृष्णाबाईंकडे गेली. त्या ओट्यापाशी तांदळाची भाकरी थापत होत्या. आशीर्वादाचं सांगितलं तेव्हाही त्यांचे हात थांबले नाहीत.

"बोलू दे," त्या म्हणाल्या. "त्याचा तोंड हाय." आणि त्यांनी भाकरी तव्यावर टाकून वरून पाण्याचा हात फिरवला. "तू जेवून जा. कालवनात मीठ जास्त पडलाय, पन खाशील."